अप्पांची साखरेची वही

अप्पा,

काल माझा रिपोर्ट आला. तीन महिन्यांची साखर साडेसहा. मागच्या खेपेला सव्वासात होती, त्याआधी आठाच्या वर. डॉक्टर खूश झाले, म्हणाले गोळी आहे तीच ठेवू, चालणं मात्र सोडू नका. मुलुंडच्या त्या दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला वाटलं, हे तुम्हाला सांगावं. आणि लगेच वाटलं, कुठल्या तोंडाने सांगणार? तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत मनातल्या मनात मी तुमच्याशी पुष्कळ बोलले, भांडलेसुद्धा, पण हा विषय तेवढा काढला नाही. माझे डॉक्टर साखरेच्या तपासणीबरोबर दर वेळी हिमोग्लोबिनही करायला सांगतात. इतर पेशंट विचारत असतील, हे कशाला आणखी एक? मी विचारत नाही. ते कशाला करायचं हे मला चांगलं ठाऊक आहे, आणि कसं ठाऊक झालं हेच आज लिहायला बसले आहे.

तुम्ही माहुलच्या रिफायनरीत चौतीस वर्षं काढलीत, इन्स्ट्रुमेंट विभागात. लहानपणी मी मैत्रिणींना सांगायचे की माझे वडील घड्याळं दुरुस्त करतात, कारण एकदा तुम्ही मला तिथल्या गोल तबकड्यांचा फोटो दाखवला होतात. मग एका जेवणात तुम्ही समजावून सांगितलंत की ही घड्याळं नव्हेत, प्रेशर मोजायचे गेज. नवीन पोरं काटा वर गेलेला बघून घाबरतात आणि व्हॉल्व्हकडे धावतात. तुम्ही म्हणायचात, "थांब की. आधी गेज काढ, टेस्टरवर लाव, ते खरं बोलतंय का ते बघ. मग पाइपाला हात लाव." हे तुम्ही इतक्यांदा सांगितलंत की आई आमटी वाढता वाढता तुमचं वाक्य पुरं करायची. घरातसुद्धा तुमचं तेच. ताप आला की थर्मामीटर आधी स्वतःच्या काखेत लावून बघणार. भिंतीवरचं घड्याळ रेडिओच्या बातम्यांशी जुळवणार. भाजीवाल्याच्या काट्यावर आपलं किलोचं वजन ठेवून त्याला ओशाळं करणार. आई वैतागून म्हणायची, "घर आहे हे, तुमची कंपनी नाही." आणि तुम्ही जे मोजाल ते लिहून ठेवायचात: तारीख, वेळ, आकडा आणि पुढे छोटीशी सही. सही नसलेला आकडा म्हणजे गप्पा, असं तुमचं मत होतं.

माझं काम नेमकं उलट निघालं. अंधेरीच्या एका ऑफिसात मी मेडिक्लेमचे दावे तपासते, तेव्हाही तेच करत होते. लोक खोटं बोलतात असं धरून सकाळी कॉम्प्युटर चालू करायचा, असं हे काम आहे. ताप दोन दिवसांचा, बिल सहा दिवसांचं. जुना आजार, पण फॉर्मवर नवा. मी यात तरबेज होते, साहेब अवघड फायली माझ्याकडे पाठवायचे. तुम्हाला माझ्या नोकरीचा अभिमान होता, पण एकदा तुम्ही म्हणाला होतात, "दिवसभर माणसांवर संशय घेऊन डोकं दुखत नाही का गं तुझं?" मी हसून म्हटलं होतं, "अप्पा, सवय होते." ती सवय मी घाटकोपरला तुमच्या घरी येतानाही बरोबर घेऊन येत होते, हे मला तेव्हा कळलं नाही.

रिटायर झाल्यावर दुसऱ्याच वर्षी तुम्हाला साखर निघाली. तीन महिन्यांचा आकडा साडेनऊ. आई रडली, तुम्ही मात्र कामाला लागलात. गोळी सुरू, चहातली साखर त्याच दिवशी बंद. भात दोन चमचे, तोही मोजून. ज्वारीची भाकरी, सकाळी भिजवलेल्या मेथ्या, कॉलनीच्या मैदानाला सहा फेऱ्या. फिरायला येणाऱ्या कुणीतरी सांगितलं की मटण वाईट, तर रविवारचं मटण बंद. कुणी सांगितलं की जेवणावर कोरा चहा घेतला की साखर उतरते, तर दोन्ही जेवणांवर कोरा चहा सुरू. तुमच्या वाढदिवसाला मी साखर मोजायचं मशीन आणून दिलं, तेव्हा तुमचा चेहरा असा उजळला की नातू झाल्यावरही मी तसा पाहिला नव्हता. तुम्ही आधी लॅबमध्ये रक्त दिलंत, तिथेच उभ्या उभ्या बोट टोचून मशीनवरही बघितलंत, दोन्ही आकडे जवळपास जुळले तेव्हाच मशीन वापरायला काढलंत. आणि वही घातलीत. निळ्या पुठ्ठ्याची, शंभर पानी.

पुढचा रिपोर्ट सातवर आला. आपल्या फॅमिली डॉक्टरांनी तुम्हाला समजावून सांगितलं की रक्तातल्या लाल पेशींना साखर चिकटते, पेशी तीन-चार महिने जगते, म्हणून हा आकडा एका दिवसाचा नसतो, सगळ्या दिवसांचा असतो. आदल्या दिवशी उपाशी राहून त्याला फसवता येत नाही. तुम्ही घरी येऊन ते आईला सांगितलंत, मला फोनवर सांगितलंत, दादाला सांगितलंत. "म्हणजे बघ, रक्तच लॉगबुक ठेवतं!" तुम्हाला त्या तपासणीचा फार भरवसा वाटला, अप्पा.

दीड वर्षानंतरचा तो रिपोर्ट. आठ पूर्णांक सहा. मी मुद्दाम सुट्टी काढून आले होते. तुम्ही खिडकीपाशी कागद उजेडात धरून पुन्हा पुन्हा बघत होतात.

"अप्पा, हे काय?"

"काहीतरी चुकलंय. परत करू."

"लॅबवाल्यांचं चुकलं?"

"माझी वही बघ ना. सकाळची एकशे बारा, एकशे आठ. जेवल्यावर दीडशेच्या आत. ह्याचा हिशेब साडेआठ येतच नाही. आधी मीटर तपासायला पाहिजे."

"मीटर बरोबर आहे अप्पा. माणूस तपासायला पाहिजे."

हे वाक्य सुचल्याचा मला आनंद झाला होता. लपवून काय उपयोग, तेव्हा खरंच आनंद झाला होता. आई दारात उभी होती, तिला हसू आलं, म्हणून मी आणखी पुढे गेले. म्हटलं, "वहीत काय, कुणीही काहीही लिहील. रोज दहा अशी कागदपत्रं बघते मी. आकडे रचायला काय लागतं?" तुम्ही ओरडला नाहीत. वही मिटलीत, तिच्यावर पेन ठेवलंत आणि म्हणालात, "चौतीस वर्षं सही करून आकडे लिहिलेत बाई मी." मग चपला घातल्यात आणि भर बाराच्या उन्हात मैदानावर फेऱ्या मारायला गेलात. मी गॅलरीतून बघत होते. तुम्ही सहा फेऱ्या पुऱ्या केल्यात आणि वर येऊन माझ्याशी नेहमीसारखं बोललात. वही मात्र पुन्हा कधी दाखवली नाहीत.

संध्याकाळी डॉक्टरांकडे तुमच्याबरोबर मीच आले. ते रिपोर्ट बघून विचारात पडले होते. त्यांनी विचारलं, "पथ्य चालू आहे ना?" तुम्ही तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "डॉक्टर, हे लपवून खातात." मी ते बघितलं नव्हतं. कुणीच बघितलं नव्हतं. पण मी ते अशा खात्रीने म्हटलं की डॉक्टरांनी मान हलवली, गोळीची पॉवर वाढवली आणि वर आणखी एक गोळी लिहून दिली. तुम्ही खुर्चीत ताठ बसून समोरच्या डोळे तपासायच्या तक्त्याकडे बघत होतात. परत येताना रिक्षात तुम्ही एकच विचारलंत, "तुला खरंच तसं वाटतं?" मी म्हटलं, "अप्पा, तुमच्या चांगल्यासाठीच बोलते ना."

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी, रविवारी. आई विहारात वंदनेला गेली होती. मी माझ्या किल्लीने दार उघडून आत आले. अकरा वाजून गेले असतील. तुम्ही स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभे आहात, डबा उघडा आहे, हात डब्यात, तोंडात गुळाचा एवढा मोठा खडा. कपाळ घामाने भिजलेलं. मी काय म्हटलं असेल? "सापडलात!"

तुम्हाला बोलता येत नव्हतं. हाताने थांब म्हणालात. मग कसंबसं, "कमी झाली गं... थरथर होतीय. थांब जरा."

"कारण तर तयारच असतं तुमच्याकडे," असं म्हणून मी तुमच्या हातातून डबा काढून घेतला. तुमची बोटं थरथरत होती, मला वाटलं चोरी पकडली गेली म्हणून. मी दादाला फोन लावून स्पीकरवर ठेवला. तो म्हणाला, "रेड हँडेड? झकास! अप्पा, तुम्ही पण ना!" तुम्हीही जरासे हसलात. संध्याकाळी घरातला सगळा गूळ आणि साखर पिशवीत घालून मी मुलुंडला माझ्या घरी घेऊन आले. आईला बजावलं, दुकानातून आणायची नाही. ती म्हणाली, माझ्या चहाचं काय? मी म्हटलं, तूही सोड.

तुम्ही पडलात ते त्यानंतर बरोबर अठरा दिवसांनी, सकाळी सहाच्या सुमारास, संडासाच्या दारात. आदल्या रात्री गोळी घेऊन तुम्ही अर्धीच भाकरी खाल्ली होतीत, साखर खाली यावी म्हणून. खुबा मोडला. हॉस्पिटलात नेल्यावर बोट टोचलं तर साखर पन्नासच्याही खाली. मग रक्त तपासलं, हिमोग्लोबिन सात. तिथली डॉक्टर माझ्याहून लहान होती, केस वर बांधलेले. तिने मला कॉरिडॉरमध्ये बाजूला घेतलं. तुम्हाला मूळव्याध होती, कितीतरी महिने रक्त जात होतं, आणि लाजेपायी तुम्ही कुणाला बोलला नव्हतात. त्यात मटण सोडलेलं, जेवणावर कोरा चहा, त्यामुळे अंगात लोह राहीना. तिने माझ्याकडून मागचा रिपोर्ट मागून घेतला, बघितला आणि म्हणाली, "लोह कमी असलं ना, की हा आकडा उगाच फुगतो. साखर नसली तरी वाढलेली दिसते. तेव्हा हिमोग्लोबिन केलं नव्हतं का? आणि घरचं रीडिंग कोणी लिहून ठेवायचं का?"

मी म्हटलं, "लिहायचे ते. पण..." तिला दुसरीकडून हाक आली, ती गेली. मी भिंतीला लावलेल्या खुर्चीत बसले. समोरून एक बाई थर्मासमधून चहा घेऊन गेली, ते मला अजून दिसतं.

यानंतर तुम्ही नऊ दिवस होतात, अप्पा. नऊ दिवस. मला सगळं कळलेलं होतं आणि तुम्ही जिवंत होतात, बोलत होतात, लिफ्टजवळचं घड्याळ पाच मिनिटं मागे आहे म्हणून वॉर्डबॉयला सांगत होतात. रोज मी ठरवून यायचे की आज सांगायचं. कधी आई शेजारी असायची, कधी दादा, कधी तुम्हाला झोप लागलेली असायची, कधी रक्ताची बाटली चालू असायची. माझ्यासमोर अशी कारणं घेऊन फाइल आली असती तर मी वर शेरा मारला असता, खुलासा समाधानकारक नाही. तुम्ही बरोबर होतात एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की पुढचंही म्हणावं लागलं असतं, की डॉक्टरांना खोटं मी सांगितलं, गोळी माझ्या सांगण्यावरून वाढली, गूळ मी नेला. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी तुम्ही स्वतःच विचारलंत, "वही दाखवलीस का इथल्या डॉक्टरला?" मी तुमची चादर नीट करत म्हटलं, "दाखवते. तुम्ही पडा आता." तुम्ही डोळे मिटलेत. ऑपरेशन झालं, मग छातीत कफ भरला, आणि मग सगळं संपलं.

पुण्यानुमोदनाला कॉलनीच्या हॉलमध्ये किती माणसं आली होती! तुमच्या रिफायनरीतले, मैदानावरचे, गावाकडचे. वंदना झाली, सुत्तपठण झालं, मग एकेक जण माइकवर येऊन बोलू लागला. अप्पांचा शब्द म्हणजे शब्द, असं कुणी म्हणालं. सगळे रडवेले झाले होते. माझी पाळी आली, मी माइक धरला, आणि माझ्या तोंडून बाहेर पडलं ते गुळाचं. अप्पा सगळ्यांशी खरं वागले, फक्त गुळाशी नाही. डब्यात हात घातलेला असताना मी त्यांना कसं पकडलं, घाम कसा फुटला, कारण काय सांगितलं. हॉल हसला. आईसुद्धा पदरात तोंड लपवून हसली. सगळे म्हणाले, पोरीने काय सुंदर आठवण सांगितली. तेव्हापासून तुमची आठवण निघाली की ही गोष्ट निघतेच. दादा ती माझ्यापेक्षा रंगवून सांगतो.

मी वही घरी आणली ती कार्यक्रमानंतर. मशीनही आणलं. त्या मशीनला एक बटण आहे, ते दाबलं की जुने सगळे आकडे तारीखवेळेसकट एकामागून एक दिसतात. मशीन मीच विकत घेतलं होतं, मला ते माहीत होतं. तुमच्यावर आरोप केला त्या दिवशी ते टेबलावर, माझ्या हाताच्या अंतरावर होतं. दिवसाला चाळीस दावे तपासणाऱ्या बाईने ते एक बटण दाबलं नाही. आणि आता, डॉक्टरणीने सगळं सांगून झाल्यावर, तुम्ही गेल्यावर, मी दाबलं. जमिनीवर बसून एकेक आकडा वहीशी ताडून पाहिला, पेन्सिलीने बरोबरच्या खुणा करत. म्हणजे तेव्हासुद्धा मला तुमच्या शब्दावर विसंबता आलं नाही, अप्पा. सगळे जुळले. एकही आकडा इकडचा तिकडे नाही. त्या रविवारचा पण आहे: सकाळी ११.१० ला ५४, घाम, थरथर, गूळ खाल्ला. ११.३५ ला ८८. पुढे तुमची सही. मी डबा हिसकावून घेतल्यावर, फोनवर हसून झाल्यावर, तुम्ही आत जाऊन पुन्हा बोट टोचलंत आणि ते लिहिलंत. कुणी वाचणार नव्हतं तरी.

दोन वर्षांपूर्वी मला गोळी सुरू झाली. सुरुवातीला एकदा नाश्ता राहिला आणि ऑफिसात अकराच्या सुमारास हात थरथरू लागले, मानेवरून घाम, डोळ्यांपुढे सगळं पांढुरकं. मी ड्रॉवरमध्ये साखरेची पुडी शोधत होते आणि शोधताना मागे वळून बघत होते, कुणी बघत तर नाही ना. मागे कुणी नव्हतं. पण मला अगदी स्पष्ट ऐकू आलं, सापडलात. माझाच आवाज. तेव्हापासून तो जात नाही. रोज सकाळी बोट टोचते तेव्हा, गोळी मोडते तेव्हा, चालून आल्यावर चपला काढते तेव्हा कुणीतरी दारात उभं असतं, हसायच्या तयारीत, आणि ती मीच असते.

काल दवाखान्यातून निघाले ती थेट घाटकोपरला आईकडे गेले. आज सांगायचंच, असं पक्कं करून. ती आता ऐंशीला टेकली आहे, ऐकायला कमी येतं, पण तुमच्याबद्दल रोज बोलते. आणि एक गोष्ट तिला सतत खाते. मला कितीदा तरी विचारते, "माझ्यापासून लपवून खायची वेळ का आली गं त्यांच्यावर? मी मागितल्यावर दिलं नसतं का? माझ्या हाताला काय चव नव्हती?" अकरा वर्षं तिला वाटतंय की नवरा तिच्याशी खोटं वागला आणि त्यानेच गेला. एका वाक्यात मी तिची सुटका करू शकते. मात्र ते वाक्य ऐकल्यावर ती माझ्याकडे कशी बघेल, हे मला बघायचं नाहीये. हा कागदही मी तिला वाचून दाखवणार नाही. तुमच्या फोटोपुढेही ठेवणार नाही, तिथली धूळ तीच पुसते.

तिने बिनसाखरेचा चहा केला, समोर बसली, माझा रिपोर्ट डोळ्यांजवळ नेऊन बघितला आणि विचारलं, "किती आली?"

"साडेसहा."

तिने माझ्या गालावरून हात फिरवला. म्हणाली, "तू पथ्य पाळतेस बाई. तुझ्या अप्पांनी कुठं पाळलं? तुझ्यासारखं ऐकलं असतं तर आज असते."

मी मान हलवली, अप्पा. आणि तिला नीट ऐकू यावं म्हणून मोठ्याने म्हटलं, "हो ना, आई."